‘नो’ म्हणाले आणि उपाशी राहिले: परक्या टेबलावर जेवताना स्वतःला धीर कसा द्यायचा

मी मुलांना इंग्रजी शिकवते. पण त्याच्या कितीतरी आधी, मी स्वतः शिकत होते तेव्हा, एका घरी रात्रीच्या जेवणाला गेले आणि अर्धपोटी परत आले.

पहिलं वाडगंभर सूप संपलं. घरच्या बाईंनी पळी उचलून विचारलं, “वुड यू लाइक सम मोअर?” मी दोन्ही हात वाडग्यावर आडवे धरले आणि म्हणाले, “नो, नो, थँक यू!” मनातला हिशोब सरळ होता. एकदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा जरा हळू आवाजात नको म्हणायचं, तिसऱ्यांदा त्या वाढणारच. बाई हसल्या, “ऑल राइट” म्हणाल्या आणि त्यांनी भांड्यावर झाकण ठेवलं. त्या झाकणाचा आवाज मला अजून आठवतो.

माझं वाक्य अगदी बरोबर होतं. व्याकरणाला पैकीच्या पैकी. चुकलं ते एवढंच, की त्या टेबलावर ‘नो’चा अर्थ ‘नो’ होता. हेच मी इराणमधल्या एखाद्या घरी केलं असतं तर बहुधा पोटभर जेवून उठले असते. तिथे अशा लटक्या नकाराला ‘तआरोफ’ असं चक्क नाव आहे. पाहुण्याने आधी नाही म्हणायचं आणि यजमानाने पुन्हा विचारायचं, हे दोघांनाही ठाऊक असतं.

त्यानंतरचा सगळा वेळ मी स्वतःला मनातल्या मनात ‘बावळट’ म्हणत बसले. टेबलावर गप्पा चालल्या होत्या, त्यातलं एक अक्षर कानात शिरलं नाही. इंग्रजी ऐकायची आणि बोलायची इतकी चांगली संधी, ती मी स्वतःला शिव्या देण्यात घालवली. भुकेपेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटतं.

म्हणून हे लिहिते आहे, साधारण नऊ ते चौदा वर्षांच्या, इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी. मोठ्यांनी वाचायला हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर जेवताना मुलांना टोकू नका.

आधी स्वतःशी काय बोलायचं

वर्गात बरीच मुलं एक वाक्य पाठ करून येतात: “आय ॲम द बेस्ट!” कोणीतरी शिकवलेलं असतं. आरशासमोर म्हणायला ते छान वाटतं. पण समोर सहा माणसं, तीन प्रकारचे चमचे आणि आपल्याला न कळलेला एक प्रश्न असतो, तेव्हा हे वाक्य उपयोगाचं नाही. तेव्हा आपण बेस्ट नाही हे आपल्याला पक्कं माहीत असतं, आणि आतलं मन लगेच म्हणतं, “चल, काहीतरीच!”

हे नुसतं माझं मत नाही. नेदरलँड्समध्ये सँडर थॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौथी ते सहावीच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांनी गणिताची अर्धी चाचणी सोडवली. मग काहींनी मनात म्हणायचं, “मी यात खूप हुशार आहे.” काहींनी म्हणायचं, “मी माझ्याकडून पूर्ण प्रयत्न करीन.” आणि मग उरलेली अर्धी चाचणी. ज्या मुलांना आपल्याला गणित येत नाही असं वाटत होतं, त्यांना प्रयत्नाच्या वाक्याने मदत झाली. हुशारीच्या वाक्याने नाही झाली. गणिताच्या जागी इंग्रजी ठेवा. मला तरी वर्गात हेच दिसत आलंय.

तेव्हा वाक्य असं निवडा, ज्यात स्वतःचं कौतुक नाही तर पुढचं काम आहे. जेवणाच्या टेबलासाठी मी मुलांना तीन शब्द देते: बघ. थांब. कर. आजूबाजूचे काय करतायत ते बघ, घाई करू नको, मग कर. इंग्रजीत हवं असेल तर “वॉच, वेट, ट्राय.” पण धीर इंग्रजीतच द्यायला हवा असा काही नियम नाही. घाबरलेल्या माणसाला मायबोली लवकर ऐकू येते. इंग्रजी टेबलासाठी राखून ठेवा.

आणखी एक छोटी युक्ती. स्वतःशी बोलताना ‘मी’ म्हणू नका, स्वतःच्या नावाने हाक मारा. म्हणजे “मला जमेल का?” असं नाही. आपलं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, “अगं, तुला नुसतं मीठ मागायचंय.” अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये हे तपासलं होतं. लोकांसमोर बोलण्यासारख्या प्रसंगात जे स्वतःशी ‘मी’ऐवजी नावाने किंवा ‘तू’ म्हणून बोलले, त्यांना ताण कमी जाणवला. याचं कारण मला साधं वाटतं. मैत्रीण घाबरली तर आपण तिला शहाण्यासारखं समजावतो. नाव घेतलं की आपण स्वतःचीच मैत्रीण होतो.

आमच्या वर्गात कधीकधी दोन बाकं जोडून, वर चादर घालून खोटं जेवण असतं. दहा वर्षांची एक मुलगी त्यासाठी तळहातावर बॉलपेनने ‘बघ’ लिहून आली. बसल्या बसल्या इतका घाम फुटला की ‘घ’ पुसला गेला. उरला नुसता ‘ब’. ती त्या ‘ब’कडे बघायची, मग शेजारणीच्या हाताकडे, आणि मग चमचा उचलायची. त्या दिवशी तिचा एकही चमचा चुकला नाही. इंग्रजी दोनदा चुकलं, पण ते तिच्या लक्षातही आलं नाही.

‘प्लीज’ मराठीत कुठे लपलेलं असतं

त्याच खोट्या जेवणात एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, “गिव्ह मी वॉटर.” सगळे हसले. त्याला कळेना, काय चुकलं. मी विचारलं, मराठीत काय म्हणायचं होतं? तो म्हणाला, “पाणी देता का?”

बघा, तो उद्धट नव्हताच. त्याचं ‘का’ वाटेत सांडलं होतं. मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो: दे, द्या, देता का, द्याल का, दे ना. ‘प्लीज’ला रोजच्या मराठी बोलण्यात नेमका शब्द नाही असं म्हणतात ते यामुळेच, आपल्याला तो वेगळा लागतच नाही. इंग्रजीतलं ‘गिव्ह’ मात्र मित्राला तेच आणि आजोबांना तेच. त्यामुळे आदर बाहेरून जोडावा लागतो. ‘प्लीज’ हा काही शोभेचा शब्द नाही. ते आपलं ‘द्या’मधलं ‘या’ आहे, असं समजा.

मागण्याची वाक्यं दोनच पुरतात. वस्तू दुसऱ्याच्या हाताशी असेल तर, “कुड यू पास द सॉल्ट, प्लीज?” आपल्याला काही हवं असेल तर, “कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?” ‘कॅन’ म्हटलं तरी चालतं. ‘मे आय’ जास्त औपचारिक आहे, पण तुमच्या तोंडी ते बसलं असेल तर बदलू नका. वस्तू कितीही जवळ दिसली तरी दुसऱ्याच्या ताटावरून हात घालून घ्यायची नाही. ही बोलायची संधी आहे, ती वाया का घालवायची? मी तर मुलांना सांगते, मीठ लागत नसलं तरी एकदा मागा.

मग ‘थँक यू’. घरात पोळी वाढणाऱ्या माणसाला आपण दरवेळी धन्यवाद म्हणायला लागलो तर तो कपाळाला हात लावून ताप आहे का बघेल. इंग्रजी टेबलावर मात्र ताटली पुढे सरकवली, थँक यू. पाणी ओतलं, थँक यू. सुरुवातीला जिभेला ते खोटं वाटतं. वाटू दे. दहा-बारा वेळा म्हटलं की वाटेनासं होतं.

जेवायला सुरुवात करताना फ्रेंच माणूस ‘बॉन आपेती’ म्हणतो, जपानी माणूस ‘इतादाकिमास’ म्हणतो. इंग्रजीकडे यासाठी स्वतःचं असं ठरलेलं वाक्यच नाही. काही जण ‘एन्जॉय युअर मील’ म्हणतात, काही सरळ फ्रेंचांचं उसनं घेतात, काही काहीच म्हणत नाहीत. म्हणजे पहिलाच शब्द चुकण्याची भीती नाही. जेवण झाल्यावर “दॅट वॉज डिलिशस, थँक यू” एवढं आलं की झालं.

आता इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी खास गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हा नियम तुमच्या बाजूचा आहे. कोणी प्रश्न विचारला, कळला पण उत्तर जुळवता येईना, तर शांतपणे चावा. मान हलवा. घास गिळा. वाटलं तर नॅपकिन ओठांना लावा, पाण्याचा घोट घ्या. एवढ्या वेळात “आय हॅव टू ब्रदर्स” सहज तयार होतं. परीक्षेत तोंडी उत्तराला इतका वेळ कोणी देत नाही. टेबलावर सगळे देतात, आणि वर तुम्हाला सभ्य समजतात.

हात कुठे ठेवायचे? कोणाच्या घरी?

इथे मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, कारण त्यांना वाटतं की जगात शिष्टाचाराचं एकच पुस्तक आहे आणि ते आपण सोडून सगळ्यांनी वाचलंय. तसं पुस्तक नाही. असतं तर त्याची पानं एकमेकांशी भांडली असती.

ब्रिटनमध्ये जेवत नसताना हात मांडीवर ठेवतात. फ्रान्समध्ये ते दिसायला हवेत. मनगटं टेबलाच्या कडेला टेकलेली. जपानमध्ये भाताचा वाडगा हातात उचलून खाणं ही चांगली रीत. शेजारच्या कोरियात वाडगा टेबलावरच ठेवून चमच्याने भात खाणं ही चांगली रीत. जपानमध्ये नूडल्स सुर्रकन ओढल्या तर कोणी वळून बघत नाही. लंडनमध्ये सूप तसं प्यायलात तर बघतील, बोलणार नाहीत. इथिओपियात एकाच मोठ्या ताटातून सगळे जेवतात, आणि प्रेमाने दुसऱ्याच्या तोंडात घास भरवतात. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. मोठ्या माणसाने भरवलेला घास नाकारायचा नसतो. आता ‘उष्टं’ या शब्दाबरोबर वाढलेल्या मुलाला तिथे क्षणभर काय वाटेल, याची कल्पना करा! (उष्टं या शब्दाला इंग्रजीत एका शब्दाचा जोडीदार नाही. प्रयत्न करून पाहा, चार शब्द तरी लागतात.)

थायलंडमध्ये उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. पण काटा तोंडात घालायचा नाही. त्याने घास चमच्यात ढकलायचा. इंग्रजी पद्धतीत काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, आणि काटाच तोंडात जातो. बरेच अमेरिकन लोक आधी कापून घेतात, सुरी खाली ठेवतात आणि काटा उजव्या हातात घेतात. म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्या दोन देशांचंही एकमत नाही.

काटा-सुरीचं एकच लक्षात ठेवा, कारण ती न बोलता बोलतात. जेवण चालू आहे आणि फक्त थांबलोय, तर दोन्ही ताटलीत तिरकी, एकमेकींपासून दूर. झालं असेल तर दोन्ही शेजारी-शेजारी, उभी. हे माहीत नसलं तर पाणी प्यायला थांबलेल्या माणसाची ताटली वाढपी उचलून नेतो, आणि आपण “एक्स्क्यूज मी!” म्हणेपर्यंत तो दाराआड गेलेला असतो.

चॉपस्टिक्सच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी खरंच टाळा, कारण त्या नुसत्या बेशिस्तीच्या नाहीत, दुःखाच्या आहेत. त्या भातात उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत. जपानमध्ये मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात, आणि चीनमध्ये त्यावरून मृतांसाठी लावलेल्या उदबत्त्या आठवतात. आणि जपानमध्ये एकाच्या चॉपस्टिक्समधून दुसऱ्याच्या चॉपस्टिक्समध्ये घास द्यायचा नाही. अंत्यसंस्कारानंतर अस्थी अशाच उचलून दिल्या जातात. बाकी चॉपस्टिक्स कशा धरता येतात याची कोणी परीक्षा घेत नाही. चमचा मागता येतो. वाक्य वर दिलंय.

हात लाजत असतील तर त्यांना थोडा इतिहास सांगा. इरॅस्मस नावाच्या विद्वानाने 1530 मध्ये मुलांसाठी लॅटिनमध्ये शिष्टाचाराचं एक छोटं पुस्तक लिहिलं. दोनच वर्षांत ते इंग्रजीत आलं, लॅटिन आणि इंग्रजी एकत्र छापून. म्हणजे मुलं त्यातून भाषाही शिकायची आणि जेवायलाही शिकायची. आपण करतोय तेच. त्यात एक सल्ला आहे: तेलकट बोटं चाटू नयेत, अंगरख्यालाही पुसू नयेत. बोटं तेलकट का? कारण तेव्हा युरोपातली मंडळीही बोटांनीच जेवत. पुढे टॉमस कोर्यट नावाचा एक इंग्रज 1608 मध्ये इटलीला गेला, तिथे त्याने लोकांना काट्याने खाताना पाहिलं आणि घरी येऊन स्वतःही तसं करू लागला. 1611 मध्ये त्याचं प्रवासवर्णन छापून आलं त्यात तो हे सांगतो. त्याच्या एका मित्राने त्याची थट्टा करत त्याला ‘फर्सिफर’ म्हटलं. लॅटिनमध्ये त्याचा एक अर्थ काटा बाळगणारा, दुसरा अर्थ बदमाश. इंग्लंडमध्ये, काट्याने जेवतो म्हणून!

चुकलं, आता?

चुकणार आहेच. माझी रीत अशी: एकदाच “सॉरी”, मग एक प्रश्न, मग पुढे जेवण. “सॉरी, आय डिडन्ट नो. हाउ डू यू डू इट हिअर?” या प्रश्नावर बहुतेक माणसं खुलतात. त्यांना आपल्या घरची पद्धत सांगायला आवडतं, आणि पुढची पाच मिनिटं बोलायचं काम त्यांचं. तुम्ही फक्त “आय सी” आणि “रिअली?” म्हणत राहायचं. चार-चारदा सॉरी म्हणू नका. त्याने समोरच्याला तुमची समजूत काढत बसावं लागतं आणि त्याचं जेवण गार होतं.

मनातल्या मनात त्या वेळी काय म्हणायचं? “बावळट” तर अजिबात नाही. मी म्हणते, “ठीक. पुढचा घास.” बस.

ग्लास सांडला तर नॅपकिन आधी, सॉरी नंतर.

एखादी गोष्ट खायची नसेल तर तोंड वाकडं करायचं नाही आणि ‘यक्’ हा शब्द घरी ठेवून यायचा. “नो, थँक यू” पुरेसं असतं. कारण द्यायची सक्ती नसते. पण मांस खात नसाल किंवा एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असेल तर ते वाढायच्या आधी, स्पष्ट सांगा: “आय डोन्ट ईट मीट.” “आय ॲम ॲलर्जिक टू पीनट्स.” इथे लाजायचं नाही आणि गोड बोलण्यासाठी वाक्य लांबवायचंही नाही. हे वाक्य आवाज न चढवता पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा सराव करा. उभं राहून, पाच वेळा.

बाकीचा सराव घरी एका संध्याकाळी होतो. नेहमीचंच जेवण, नेहमीचीच माणसं. फक्त अर्धा तास मराठीत काही मागायचं नाही. मागितलं तर मिळणार नाही, हे आधी ठरवून घ्या. एकाने यजमान व्हायचं आणि मुद्दाम न समजण्यासारखं काहीतरी विचारायचं, म्हणजे “सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?” म्हणायला मिळतं. आजी-आजोबा असतील तर त्यांनाच यजमान करा. ते भूमिकेत शिरतात आणि मग बाहेर यायला तयार नसतात.

आमच्या वर्गातल्या त्या खोट्या जेवणात एकदा मीच यजमान होते. रिकामं पातेलं, खरी पळी. पाणी मागणाऱ्या त्याच मुलाला मी विचारलं, “वुड यू लाइक सम मोअर?” तो घाईघाईने म्हणाला, “नो, थँक यू.” मी झाकण ठेवलं. तो झाकणाकडे बघत राहिला. मग मराठीत, अगदी हळू, म्हणाला, “टीचर, नाही म्हटल्यावर परत हो म्हणता येतं का?”

मी म्हटलं, येतं की. “ॲक्चुअली, कुड आय हॅव अ लिटल मोअर, प्लीज?”

त्याने ते तीनदा म्हटलं. ‘ॲक्चुअली’ तिन्ही वेळा वेगळं झालं. मी झाकण काढलं.